मुक्तेश्वर : दूर राहिलेला डोंगर

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वावतारात, १८८९ च्या डिसेंबरात एक प्रयोगशाळा सुरू झाली. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी हे तिचं नाव. गुराढोरांच्या साथींचं कारण शोधायचं आणि त्यांवर उपाय काढायचा, हे तिचं काम. पुण्यात ती जेमतेम चार वर्षं टिकली. १८९३ मध्ये सगळं सामानसुमान घेऊन ती थेट कुमाऊंच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवरच्या एका जंगलझाकल्या माथ्यावर गेली. तिथे ना रेल्वे होती, ना गाडीरस्ता. खाली काठगोदामपर्यंत आगगाडी येऊन नऊच वर्षं झाली होती. तिथून पुढे सगळं खेचरांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यावर.

त्या डोंगराचं नाव मुक्तेश्वर. उत्तराखंडच्या नैनिताल जिल्ह्यातलं हे गाव आज शांत हवेचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. नैनितालला तळं आहे, मॉल रोड आहे, मे महिन्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. मुक्तेश्वरला यातलं काहीच नाही. एक देऊळ, एक कडा, एक जुनी संशोधन संस्था, चार दुकानांचा बाजार आणि उत्तरेला हिमशिखरांची लांबच लांब रांग. ही शांतता आपोआप उरलेली नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी ती मुद्दाम निवडली, आणि तिच्या आश्रयानं देशातल्या कोट्यवधी गुरांचा जीव वाचला. मुक्तेश्वरला जाणाऱ्यानं ही गोष्ट माहीत करून घेऊनच जावं असं मला वाटतं, कारण आज ती शांतता धोक्यात आहे आणि तिची किंमत आपल्याला ठाऊक नाही.

भवालीचा फाटा

काठगोदामहून मुक्तेश्वर साठ-सत्तर किलोमीटर. पहाटे दिल्लीहून आलेल्या गाडीतून उतरलं की दुपारच्या जेवणाला वर पोचता येतं, अर्थात वाटेत कोंडी लागली नाही तर. आम्ही गेलो ते दिवाळीच्या आसपासचे दिवस होते. पावसानं धुतलेली हवा, उतारावर पिवळी पडू लागलेली गवतं, घरांच्या छपरांवर वाळत घातलेली मक्याची कणसं आणि भोपळे. आमच्या गाडीचे चालक हल्द्वानीचे. वयानं मोठ्या माणसाला इकडे ‘दाज्यू’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाज्यूच म्हणत होतो.

भीमताल मागे पडलं आणि भवालीला रस्ते फुटले. एक अल्मोड्याकडे जातो, कैंची धामावरून. नीम करोली बाबांच्या या आश्रमात आता देशभरातून गर्दी लोटते आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग भवालीपर्यंत मागे येते. पूर्वी भवालीची ओळख वेगळी होती. १९१२ मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. औषधं निघायच्या आधीच्या त्या काळात चीडच्या, म्हणजे पाइनच्या, वनातली कोरडी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता. कमला नेहरूंना इथेच ठेवलं होतं, आणि त्याच सुमारास जवाहरलाल अल्मोड्याच्या तुरुंगात होते.

आमचा रस्ता रामगढचा. भवालीहून चढत चढत गाडी गागरच्या खिंडीत येते आणि वळण घेताच समोर पहिल्यांदा बर्फ दिसतं. इथून खाली उतरणारं सगळं खोरं फळबागांचं आहे. पीच, जर्दाळू, आलुबुखार, नासपती आणि सफरचंद. मार्चमध्ये पानांआधी फुलं येतात, तेव्हा उतारच्या उतार गुलाबी-पांढरे होतात. आम्ही गेलो तेव्हा झाडं निष्पर्ण व्हायला लागली होती आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर जर्दाळूचा मुरंबा, आलुबुखाराची चटणी आणि बुरांशच्या फुलांच्या लाल सरबताच्या बाटल्या मांडल्या होत्या.

रवींद्रनाथ ठाकूर १९१४ च्या उन्हाळ्यात या रामगढात येऊन राहिले होते. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी टेकडी आजही आहे. महादेवी वर्मांनी तर इथे घरच बांधलं, ‘मीरा कुटीर’. उन्हाळा आला की त्या अलाहाबादहून इथे यायच्या, लिहायच्या. त्यांच्या ‘अतीत के चलचित्र’मधली लछमा ही पहाडी बाई याच मुलखाच्या ओळखीतून आलेली आहे. घर छोटं आहे, त्याला कुमाऊं विद्यापीठानं साहित्यिक केंद्राचं रूप दिलं आहे. आवारात उभं राहिलं की कळतं, बाईंनी जागा निवडताना बाजारपेठेपासूनचं अंतर मोजलं नव्हतं. सकाळी दार उघडल्यावर समोर काय दिसेल एवढंच पाहिलं होतं.

बुळकांडी

रामगढ, नथुवाखान, सरगाखेत, भटेलिया अशी गावं घेत रस्ता मुक्तेश्वरच्या धारेवर चढतो, तशी फळझाडं विरळ होतात आणि जंगल दाट होत जातं. देवदार, बांज, बुरांश. याच जंगलात ती प्रयोगशाळा आहे. आज ती भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचं एक आवार आहे. संस्थेचं मुख्यालय खाली बरेलीजवळ इज्जतनगरला आहे, पण मूळ इथलं. दगडी भिंती, उतरती पत्र्याची छपरं, लांब व्हरांडे. आत जायचं तर संस्थेची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे; इथे काम चालतं.

पुण्याहून इतक्या दूर का यावं लागलं, याचं उत्तर एका रोगात आहे. आपल्याकडे त्याला बुळकांडी म्हणत. आज चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यानं हा शब्द फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेला असेल. जनावराला फणफणून ताप यायचा, डोळ्यांनाकातून पाणी गळायचं, तोंडात फोड येऊन ते सडायचं, मग हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत खेळ संपायचा. गोठ्यातलं एक जनावर पडलं की बाकीची वाचण्याची आशा धरायची नाही. ज्या घरचे बैल गेले त्याची पेरणी गेली. म्हणजे रोग गुरांचा, पण उपासमार माणसांची. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हीच साथ आफ्रिकेत शिरली आणि काही वर्षांत पार दक्षिण टोकापर्यंत पोचली. तिथल्या पशुपालकांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. इथिओपियात तिच्यापाठोपाठ भीषण दुष्काळ आला.

अशा रोगाचं विष प्रयोगशाळेत बाळगायचं, वाढवायचं, जनावरांवर तपासायचं. हे काम पुण्यासारख्या शहरात, जिथे पेठेपेठेत गोठे आणि वेशीवर गुरांचे बाजार, तिथे करणं म्हणजे आगीशी खेळ होता. त्यासाठी हवी होती थंडी, कारण शीतकपाटं नव्हती. हवी होती वस्तीपासून दूर जागा. आणि भोवती इतकं जंगल, की आतलं जनावर बाहेर आणि बाहेरचं आत येणार नाही. प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या कारकिर्दीत मुक्तेश्वरची निवड झाली आणि भोवतालचं हजारो एकर जंगल प्रयोगशाळेसाठी राखलं गेलं.

१८९७ मध्ये एक थोर पाहुणा या डोंगरावर चढून आला. रॉबर्ट कॉख. क्षयाचा आणि पटकीचा जंतू शोधून काढणारा हा जर्मन शास्त्रज्ञ आधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करत होता. तिथून तो मुंबईला आला, कारण मुंबईत प्लेगनं थैमान घातलं होतं आणि जर्मनीनं अभ्यासासाठी पाठवलेल्या पथकाचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. मुंबईच्या त्या भयंकर वर्षातच तो गाफ्की आणि फायफर या सहकाऱ्यांना घेऊन मुक्तेश्वरला आला. सरकारनं त्याला बुळकांडीवर सल्ला देण्यासाठी बोलावलं होतं. त्यानं वापरलेला म्हणून सांगितला जाणारा सूक्ष्मदर्शक संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. पितळेचं ते यंत्र पाहताना माझ्या मनात मुंबईच्या प्लेगच्या छावण्या आणि हा देवदारांचा डोंगर एकाच वेळी उभे राहिले. त्या काळात या दोन ठिकाणांना जोडणारी माणसं होती, ही गोष्ट आपल्या शाळेत कुणी सांगितली नव्हती.

पुढची कथा चिकाटीची आहे. आधी रक्तद्रव आला. रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव टोचला की निरोगी जनावराला संरक्षण मिळे, पण ते थोड्याच दिवसांचं. मग रक्तद्रव आणि रोगाचं विष एकत्र टोचायची पद्धत आली; ती टिकाऊ होती, पण जोखमीची. या सगळ्याची किंमत कुमाऊंच्या डोंगरी गुरांनी मोजली. मैदानी गुरांपेक्षा ती बुळकांडीला लवकर बळी पडत, म्हणून विष तयार करायला तीच वापरली जात. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, तिच्यातून तिसऱ्या शेळीत असा पुनःपुन्हा नेला. होता होता तो गुरांसाठी इतका सौम्य झाला की त्याचीच लस झाली. स्वतंत्र भारतानं १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली तेव्हा पहिला भार याच शेळीच्या लशीनं उचलला. पुढे अधिक चांगली लस आली, पण वाट इथून निघाली होती.

भारतातली शेवटची साथ १९९५ ची. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त म्हणून जाहीर झाला, आणि २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा केली. माणसानं आजवर दोनच रोग मुळासकट संपवले आहेत. एक देवी, दुसरा बुळकांडी. देवीच्या निर्मूलनाबद्दल आपल्याला माहिती असते. दुसऱ्याचा एक मोठा अध्याय या डोंगरावर लिहिला गेला, याची मात्र इथे येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना कल्पना नसते.

आणि ही केवळ जुनी कथा नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लंपी त्वचारोगाची साथ आली. अंगावर गाठी उठलेल्या गाई-बैलांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. गावोगाव मोफत लसीकरण झालं. त्या वेळी टोचली गेलेली लस मुळात शेळ्यांच्या देवीची होती आणि तिच्यातला ‘उत्तरकाशी’ वाणाचा विषाणू मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी लशीसाठी तयार केलेला होता. शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या पीपीआर या रोगाची ‘सुंगरी’ लसही इथलीच. धनगराच्या कळपापासून शेळी पाळणाऱ्या एकट्या बाईपर्यंत तिचा लाभ पोचतो. लंपीची खास देशी लस हिस्सारच्या केंद्रानं याच पशुचिकित्सा संस्थेच्या सहकार्यानं बनवली आणि तिच्या निर्मितीचं तंत्रज्ञान पुण्याच्या औंधमधल्या सरकारी संस्थेकडे आलं. पुण्यात सुरू झालेलं काम एकशे तेहेतीस वर्षांनी पुण्याला परतलं.

चौलीची जाळी

संस्थेच्या शेजारच्या टेंगळावर मुक्तेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या चढून गेलं की छोटंसं आवार, घंटा, आणि देवदारांच्या फांद्यांतून येणारा वारा. देवळाच्या मागच्या बाजूनं पायवाट कड्याकडे जाते. त्या कड्याला ‘चौली की जाली’ म्हणतात. मोठाल्या शिळा दरीवर झुकलेल्या आहेत आणि एका शिळेत आरपार भोक आहे. मूल व्हावं म्हणून बायका त्यातून पलीकडे जातात अशी इथली श्रद्धा. हल्ली त्या शिळांवर पोरं छायाचित्रासाठी टोकाला जाऊन उभी राहतात. खाली सरळ दरी आहे आणि कठडा सगळीकडे नाही, हे मुलांबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

इथून उत्तरेकडे पाहिलं की बोलणं थांबतं. डावीकडे त्रिशूल, ७,१२० मीटर. त्याच्या उजवीकडे नंदादेवी, ७,८१६ मीटर. पुढे नंदाकोट आणि पार उजवीकडे पंचाचूली. त्रिशूलवर १९०७ मध्ये टॉम लाँगस्टाफ पोचले तेव्हा सात हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणसानं पाय ठेवण्याची ती पहिली वेळ होती. नंदादेवीवर १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल चढले. कुमाऊंच्या माणसाला मात्र हे आकडे लागत नाहीत. त्याच्यासाठी नंदा ही माहेरवाशीण आहे. भाद्रपदात अल्मोड्याला आणि नैनितालला तिची जत्रा भरते, केळीच्या खोडापासून नंदा-सुनंदेच्या मूर्ती घडवतात आणि निरोपाच्या दिवशी बायकांचे डोळे ओले होतात. गौरीला सासरी पाठवणाऱ्या मराठी घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी शिखरं आधी पिवळी, मग केशरी, मग राखी होतात. अंधार पडताच थंडी अशी उतरते की शाल पुरत नाही. मग आजूबाजूच्या उतारांवर एकेक दिवा लागतो. तेव्हा लक्षात येतं, की संस्थेच्या जंगलाचा भाग तेवढा गच्च काळा राहिला आहे. एका साथीच्या भीतीनं राखलेलं रान शंभर वर्षांनी पाण्याचं आणि पाखरांचं घर झालं आहे.

याच डोंगराला शिकारी-लेखक जिम कॉर्बेट ‘मुक्तेसर’ म्हणत. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द टेंपल टायगर’ या पुस्तकात इथल्या नरभक्षक वाघिणीची हकिगत आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला होता आणि पायात काटे रुतले होते. शिकार करता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. त्या कथेत एक लहान मुलगी आहे, पुतली नावाची. वाघीण फिरत असलेल्या रस्त्यानं ती एकटीच एक बैल घेऊन निघालेली असते आणि कॉर्बेट तिच्या सोबतीला चालू लागतात. वाघिणीच्या मृत्यूपेक्षा मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो. कारण बैल राखणारी, गवत कापायला रानात जाणारी, पाण्याला जाणारी मुलगी-बाई हीच या डोंगराची खरी रहिवासी आहे. तेव्हाही होती, आजही आहे.

बांज, चीड आणि पाणी

सकाळी सरगाखेतच्या वाटेवर डोक्यावर बांजच्या पाल्याचे भारे घेतलेल्या बायका भेटल्या. एक म्हातारी, इकडच्या भाषेत आमा, भारा दगडावर टेकवून बसली होती. गुरांना पाला, गोठ्यात अंथरायला पाचोळा आणि तेच पुढे शेतात खत, हे सगळं बांज देतो, असं तिनं सांगितलं. बांज हा इथला ओक. त्याची मुळं खोल, पाचोळा जाड, जमीन ओली राहते. त्याच्या जंगलाखालून झरे वाहतात. चीडचं उलट आहे. इंग्रजांच्या काळात लाकूड आणि राळ यांसाठी चीड वाढवला गेला. त्याच्या सुया, पिरूल, उन्हाळ्यात वाळून जमिनीवर थर धरतात आणि ठिणगी पडली की डोंगर पेटतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनिताल परिसरातली आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर भीमतालचं पाणी उचलून नेत होती.

इथल्या गावांचं पाणी झऱ्यांवर. दगडी बांधणीच्या छोट्या पाणवठ्याला नौला म्हणतात. आत दोन पायऱ्या उतरायच्या, भिंतीत देवाची मूर्ती, तळाशी स्वच्छ पाणी. लग्न होऊन आलेली नवरी पहिल्यांदा नौल्याची पूजा करते. आज कितीतरी नौले कोरडे आहेत. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५० लाख झरे असून त्यांपैकी जवळपास ३० लाख हिमालयात आहेत, आणि बारमाही झऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे आटले किंवा हंगामी झाले. पर्यटकाच्या खोलीत गरम पाण्याचा शॉवर असतो. त्याच गावात उन्हाळ्यात बाई हंडा घेऊन लांबच्या झऱ्यावर जाते. मुक्तेश्वरच्या भोवती वाढणाऱ्या प्रत्येक हॉटेलानं आणि प्रत्येक उन्हाळी बंगल्यानं उत्तर द्यायचा प्रश्न हाच आहे: पाणी कुठून आणता?

फळबागांची गोष्टही याला लागून आहे. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात हजारएक तास कडक थंडी लागते, त्याशिवाय नीट फुलोरा येत नाही. बर्फ कमी पडू लागलं आणि फळ रुसलं. एका बागायतदार दाज्यूंच्या अंगणात बसलो होतो. त्यांच्या वडिलांची बाग सफरचंदाची, त्यांची पीच आणि जर्दाळूची, आणि मुलगा आता त्याच जमिनीवर खोल्या बांधू पाहतो आहे. ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. पोराचं चुकतं असंही म्हणाले नाहीत. फळाला भाव नाही, गारा कधी पडतील सांगता येत नाही, माकडं आणि रानडुकरं उरलंसुरलं नेतात. मग पोरानं करायचं काय?

त्यांच्या घरी जेवलो. गहताची डाळ, मडुव्याची रोटी, भांगेच्या बियांची चटणी. गहत म्हणजे आपले कुळीथ आणि मडुवा म्हणजे नाचणी. कोकणातल्या माणसाला तो घास परका वाटत नाही. इथल्या पंत घराण्यांत आपले पूर्वज महाराष्ट्रातून, कोकणातून आले अशी पिढीजात समजूत आहे, त्याची त्या ताटावर आठवण झाली.

आभाळाचंही गणित बदललं आहे आणि मुक्तेश्वरमध्ये ते मोजलं गेलं आहे. इथली हवामान वेधशाळा १८९७ पासूनची. तिच्या नोंदीत एका दिवसातला सर्वाधिक पाऊस होता २५४.५ मिलिमीटर, १९१४ च्या सप्टेंबरातला. २०२१ च्या ऑक्टोबरात, १८-१९ तारखेला, पावसाळा संपत आलेला असताना चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस पडला. शतकाहून जुना विक्रम एका रात्रीत मोडला. रामगढ आणि मुक्तेश्वरच्या भागात दरडी कोसळल्या, घरं वाहिली, माणसं गेली. मृतांत बाहेरून बांधकामाच्या मजुरीला आलेले कामगारही होते. डोंगराचं पोट खोदून बांधलेल्या भिंती पाणी कसं अडवतात आणि कधी सोडतात, हे त्या रात्री दिसलं.

सगळंच निराश करणारं नाही. सूपी गावातून २०१० पासून ‘कुमाऊं वाणी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. टेरी या संस्थेनं ते उभं केलं आणि गावातलीच माणसं कुमाऊंनीतून शेतीची, हवामानाची, आरोग्याची माहिती त्यावर सांगतात, गाणी लावतात. डोंगरापलीकडच्या घरातल्या बाईपर्यंत ते पोचतं. शिवाय २०२५ मध्ये उत्तराखंडनं जमिनीचा कायदा कडक केला. राज्याच्या तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतीची आणि बागायतीची जमीन विकत घेता येणार नाही. राहण्यासाठी घ्यायची तर कुटुंबामागे एकदाच, २५० चौरस मीटर. नैनिताल त्या अकरांत आहे. हा कायदा नीट राबवला गेला तर बागा टिकतील. तो राबवला जातो की नाही, हे मात्र सरगाखेतच्या उतारावर नजर टाकूनच ठरवावं लागेल.

जाणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याकडच्यांनी दिल्ली गाठून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम गाठावं, किंवा पंतनगरला विमानानं यावं. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा शिखरं पाहण्याचा काळ. बुरांशची लाल फुलं पाहायची तर मार्च, काफळ चाखायचं तर मे-जून. काफळाची एक गोष्ट इथे प्रत्येक घरात सांगतात. आईनं टोपलीभर काफळं तोडून लेकीला राखणीला बसवलं. उन्हानं फळं सुकून टोपली कमी भरली. लेकीनं खाल्ली असं समजून आईनं रागानं मारलं आणि पोर मेली. संध्याकाळच्या गारव्यात फळं पुन्हा टवटवीत होऊन टोपली भरली तेव्हा आईला कळलं. ती लेक पाखरू झाली आणि आजही काफळ पिकलं की ओरडत फिरते. डोंगरातल्या भुकेचं यापेक्षा खरं वर्णन मी ऐकलेलं नाही.

चार दिवस तरी हाताशी ठेवावेत आणि यादी करू नये. रामगढला महादेवींचं घर पाहावं. भालूगाडच्या धबधब्यापर्यंत पायी जावं. संस्थेच्या जंगलाच्या कडेनं चालावं, आणि परवानगी मिळाली तर संग्रहालय बघावं. राहायला गावातल्या माणसाचं घर निवडावं, म्हणजे पैसा फळवाल्याच्या पोराकडेच जाईल आणि कदाचित त्याची बाग विकायची वेळ टळेल. आंघोळीला एक बादली पाणी पुरतं. प्लास्टिक आपलं आपण खाली घेऊन यावं. डोंगरावर कचरा गिळणारी जागा नसते. गाडीतली गाणी आणि भोंगे भटेलियाच्या बाजाराआधीच बंद करावेत. जर्दाळूचा मुरंबा घ्यायचा तर शेतकऱ्याच्या टपरीवर घ्यावा आणि घासाघीस करू नये.

आणि आपल्या गावाकडचं एखादं गोठ्यातलं जनावर आठवावं. बुळकांडीनं ते मेलं नाही, याला या डोंगराचं दूर असणं कारण आहे. आपण आता मोटारीनं सहज तिथवर पोचतो, म्हणून तो डोंगर जवळचा झाला असं समजू नये. त्याला थोडं दूरच राहू देणं, हे आपल्यावर असलेलं देणं आहे.